मिस्त्रींच्या झाकपट्ट्या

मिस्त्रींना प्लास्टिकचा तिटकारा होता आणि जावयाचा त्याहून जास्त. त्यामुळे जावयानं निळं प्लास्टिकचं पिंप आडवं पाडून त्याचं खुराडं केलं, तेव्हा दोघांकडे एकदमच नाक मुरडायची त्यांची छान सोय झाली.

पिंपाला एक भोक, आत बसायला एक पाइप, की झालं घर! ना खाच, ना सांधा, ना रंधा फिरवलेली एखादी कड. पाण्याचे फिल्टर दुरुस्त करत फिरणाऱ्या माणसाकडून आणखी काय होणार?

"जावईबापू, आत कोंबड्या ठेवणार आहात की रॉकेल?" मिस्त्रींनी विचारलं.

जावई हसला. त्याचं ते हसणंही मिस्त्रींना आवडत नसे. लेक-जावई घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचे आणि परसदार एकच होतं, त्यामुळे ते पिंप मिस्त्रींच्या डोळ्यांत दिवसभर खुपायचं. वर हा गडी आपल्या दोन कोंबड्या बाहेर काढून दर चार दिवसांनी ते उकळत्या पाण्यानं धुवायचा. "पिंपाला आंघोळ घालतोय," मिस्त्री बायकोला ऐकवत, "कामधंदा नाही दुसरा."

पिंपासमोरच मिस्त्रींचं खुराडं होतं. हात थरथरतात म्हणून गिऱ्हाइकांनी काम देणं बंद केलं, त्यानंतर त्यांनी जुन्या दरवाज्यांच्या लाकडातून तीन महिने खपून ते उभं केलं होतं. एकही खिळा नाही, सगळा सांध्यांचा खेळ. दाराची कडीसुद्धा लाकडाची. हात अजून मेलेला नाही, हे दाखवायला त्यांच्याकडे तेवढं एकच काम उरलं होतं. आत सहा कोंबड्या होत्या. त्यातली एक करडी मिस्त्रींच्या मागे मागे फिरून प्रत्येक कामात चोच घालायची, म्हणून ती मास्तरीण. ती सध्या नऊ अंड्यांवर बसली होती.

उन्हाळा वाढला तशी बाकीच्यांची अंडी कमी झाली. तुरे फिके पडले. कोंबड्या दिवसभर पिसं खाजवत बसू लागल्या. मिस्त्रींनी एकेकीला धरून पंखाखाली पाहिलं, काही सापडलं नाही.

"मामा, माइट्स असतील," जावई म्हणाला. "बारीक तांबडे किडे. दिवसा अंगावर नाही दिसायचे. लाकडाच्या फटीत लपतात आणि कोंबड्या झोपल्या की येऊन रक्त पितात. कोंबड्या बसतात ती दांडी एकदा काढून बघू या का?"

"फटी?" मिस्त्री म्हणाले. "माझ्या कामात?"

त्या एका शब्दानं त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला पटाशी कुठून धरायची ते माहीत नाही, तो यांना फटी दाखवणार! खरं म्हणजे उन्हानं लाकूड आकसून दोन-चार सांधे केसभर उघडले होते. मग मिस्त्रींनी फक्त मिस्त्रीच करील ते केलं. पातळ पट्ट्या रंधून काढल्या आणि प्रत्येक सांध्यावर एकेक ठोकून बसवली. दारं-खिडक्यांना जन्मभर अशाच झाकपट्ट्या लावल्या होत्या. वरून पॉलिशचा हात मारला.

"बोला आता! मुंगी शिरेल का आत?"

जावई पिंप धुवायला निघून गेला. मिस्त्रींना वाटलं, जिरली.

आठवड्यात पाच कोंबड्या फितूर झाल्या. दिवस कलला की पॉलिश केलेल्या दारासमोरून ताठ मानेनं निघून पिंपात शिरायच्या. मिस्त्रींनी त्यांना शेलक्या शिव्या दिल्या आणि जाऊ दिलं. पण एका संध्याकाळी मास्तरीणही अंडी सोडून उठली आणि पिंपाकडे चालू लागली. चालताना झोकांड्या जात होत्या. मिस्त्रींनी तिला उचलली.

"तू पण? पोटची अंडी टाकून प्लास्टिकात? लाज नाही वाटत?"

"अहो, मुक्या जिवाला काहीतरी कळत असेल," बायको म्हणाली. "राहू द्या ना."

"तिला कळतं आणि मला कळत नाही?"

त्यांनी मास्तरणीला अंड्यांवर बसवलं आणि कडी लावली. कडी अगदी अलगद बसली. त्याचाही त्यांना अभिमान वाटला.

सकाळी दार उघडलं तेव्हा ती अंड्यांवरच होती, मान एका बाजूला टाकून. तुरा कागदासारखा पांढरा. खालची अंडी अजून कोमट होती.

मिस्त्रींनी तिला उचलून बाजूला ठेवलं. मग पटाशी आणून त्यांनी दांडीजवळची एक झाकपट्टी उचकटली. मागे किडे खच्चून भरले होते आणि सगळा थर वळवळत होता. त्यांनी अंगठा दाबून फिरवला. अंगठा लाल झाला. ते रक्त मास्तरणीचं होतं, आणि ते पिणाऱ्यांना असं बंदिस्त, पॉलिश केलेलं घर मिस्त्रींनीच बांधून दिलं होतं.

जावई आला. त्यानं पट्टी पाहिली, अंगठा पाहिला आणि मास्तरणीला जुन्या टॉवेलात गुंडाळलं. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणाला असता, तर मिस्त्रींकडे उत्तर तयार होतं. तो म्हणालाच नाही.

"किड्यांचं राहू द्या," बायको म्हणाली. "कडी तुम्ही लावलीत."

दुपारपर्यंत त्यांनी खुराडं सांध्यासांध्यानं सोडवलं आणि परसात पेटवून दिलं. जुनं लाकूड, भराभर जळलं. मग ते पिंपापुढे उकिडवे बसले आणि आत हात घालून कडेकडेनं सगळीकडे फिरवला. हात कोरडा, स्वच्छ बाहेर आला.

"पाइप गुळगुळीत आहे," ते म्हणाले. "पाय घसरत असतील त्यांचे. एक दांडी रंधून देतो."

"द्या ना," जावई म्हणाला. मग जरा चाचरत, "पण मामा, सांधा नको."

मिस्त्रींनी अंगठा धोतराला पुसला. डाग पुरता गेला नव्हता.

"नको," ते म्हणाले. "नुसती टेकवायची. रोज काढून बघता येईल अशी."