ध्रुवाकडे कधी निघावं

श्रीशैलला कधी जावं, काशीला कधी जावं, केदारच्या वाटेवर पाऊस कधी उघडतो आणि तिरुपतीची गर्दी कधी ओसरते, हे सोलापुरात कुणाला विचारायचं झालं की लोक बाळीवेशीत महेश्वर हत्तरकीकडे येत. ऑफिस कसलं, एक टेबल, चार खुर्च्या आणि बाहेर उभ्या दोन बस. पण माणूस आपल्या धंद्यात पक्का. "आत्ता नको मावशी, दिवाळी होऊ द्या, मग बघा कसं निवांत दर्शन घडवतो," असं तो म्हणाला की मावशी निमूट दिवाळीपर्यंत थांबायच्या. वीस-बावीस वर्षं या गृहस्थाने लोकांना थांबायला लावलं आणि खोटं कशाला बोला, त्यात लोकांचं भलंच झालं. त्यामुळे थांबणं ही गोष्ट कधी वाईटही असू शकते, हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच उरली नव्हती.

त्याची एकुलती एक मुलगी काव्या. दहावीत असताना दिवेलागणीच्या वेळी तिने रस्त्यात उभ्या असलेल्या हातगाडीवर सायकल घातली. गाडीवाला बोंबलला, लोक हसले, घरात बोलणी बसली. महिनाभराने ती पायरी चुकून पडली, तेव्हा मात्र महेश्वर बायकोसह तिला घेऊन हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात गेला. डॉक्टर मराठी बोलणारे निघाले, त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. डोळ्याच्या आतला पडदा झिजत चाललाय. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग नजर कडेकडेने आकसत जाते, नळीतून बघितल्यासारखं होतं, आणि शेवटी तेही राहील याची खात्री नाही. औषध नाही. मग त्यांनी विचारलं, "नात्यातलं लग्न आहे का?" महेश्वरची बायको शिवलीला त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाची मुलगी करायची नाही तर कुणाची करायची! पण त्या खोलीत दोघा नवराबायकोंनी खाली फरशीकडे बघितलं आणि नंतर आजपर्यंत तो विषय घरात काढला नाही.

"हिला जे बघावंसं वाटतं ते दाखवून घ्या," डॉक्टर निरोप देताना म्हणाले. "थांबू नका."

परतीच्या गाडीत महेश्वरने मुलीला विचारलं, काय बघायचंय तुला. पोरगी उत्तराचा विचार करत होती, तोवर यानेच फोन काढून तिच्या हातात दिला. उत्तर ध्रुवाच्या बाजूला हिवाळ्यात आभाळात उजेड नाचतो, त्याचं चित्र. हिरवागार, जांभळा, पडदे लावल्यासारखा. काव्याने फोन डोळ्यांपुढे धरला आणि म्हणाली, "लई भारी हाय की, अप्पा." झालं, ठरलं. जगातली सगळ्यात मोठी यात्रा आपण आपल्या लेकीला घडवायची, असं महेश्वरने तिथल्या तिथे ठरवून टाकलं, आणि हैदराबादेहून निघाल्यापासून पहिल्यांदा त्याने शेजारच्याने दिलेला चहा घेतला.

आता जायचं कधी? इथे घोडं अडलं. नॉर्वेच्या वरच्या टोकाला ट्रॉम्सो नावाचं गाव आहे, तिथे अक्कलकोटचा सिद्धराम एका हॉटेलात स्वयंपाकी होता. त्याच्या आईला महेश्वरने काशी घडवलेली, त्यामुळे तो फोन केला की बोलायचा. तो म्हणाला, डिसेंबरात सूर्य उगवतच नाही, अंधार भरपूर, पण ढग आणि बर्फ फार. मार्चात आभाळ जरा मोकळं. म्हणून मार्च ठरला. मग महेश्वरने कुठेतरी वाचलं की पुढच्या हिवाळ्यात सूर्यावरची खळबळ वाढणार आणि असे उजेड दहा-अकरा वर्षांत दिसले नाहीत तसे दिसणार. झालं, मार्च रद्द. पोरीला दाखवायचं तर उत्तमातलं उत्तम दाखवू! पुढचा हिवाळा आला तर अमावस्या कधी आहे ते बघणं सुरू झालं, कारण चांदणं नको. डिसेंबरातली अमावस्या धरावी तर ढग, जानेवारीतली धरावी तर सोलापूरच्या ग्रामदैवताची गड्ड्याची यात्रा; सिद्धरामेश्वराच्या नंदीध्वजाची सेवा सोडून घरचा कर्ता परदेशात कसा जाणार? तेही वर्ष गेलं. त्याला कुणी खांद्याला धरून हलवायला हवं होतं. पण रोज इतक्यांना सल्ला देणाऱ्या माणसाला सल्ला कोण देणार.

यंदा दिवाळी झाली आणि पुन्हा जेवताना तोच विषय. काव्या बारावीला. ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. महेश्वरने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलेलं.

"फेब्रुवारीत आमुशा चांगली पडालीय," तो म्हणाला.

"अन् बारावीची परीक्षा?" शिवलीला म्हणाली. "तिचा काय इचार हाय का न्हाय तुमाला? डोळं गेलं तर गेलं, हातात शिक्षण तरी नको का पोरीच्या?"

बोलून गेली आणि तिने तोंडाला पदर लावला. डोळे गेले तर, हे शब्द दोन वर्षांत या घरात कुणी काढले नव्हते. महेश्वरने कॅलेंडर बाजूला ठेवलं. काव्या ताटात चटणी चाचपत होती. वाटी ताटाच्या कडेला होती आणि पोरगी मधोमध शोधत होती. बापाने वाटी हळूच आत सरकवली.

"भांडू नका की," ती म्हणाली. "तुमी ठरवा कधीबी. मी येती."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून महेश्वरने सिद्धरामला फोन लावला. यंदा ढग कसे, थंडी किती, सगळं विचारून झालं. सिद्धराम उत्तरं देत होता, पण आज त्याचा आवाज जरा अडखळत होता.

"अण्णा, एक इचारू का? रागावू नका. पोरीला अंधारात कितपत दिसतं?"

"अंधारात न्हाय दिसत. पण ह्यो तर उजेडच हाय की रे."

सिद्धरामने पलीकडे कुठलंसं दार लावून घेतलं.

"अण्णा, फोटोत तसं दिसतंय. क्यामेरा लई वेळ डोळा उघडा ठिवून सगळा उजेड गोळा करतो. आपल्या डोळ्यांला पुष्कळदा चुलीच्या धुरावानी दिसतंय, फिकट. कधी कधी नाचतंय हिरवंगार, न्हाय म्हणत न्हाय. पण ते नशिबावर. तुमी आधी एवडं बघा, तिला चांदण्या दिसतात का. चांदण्या दिसत नसतील तर..."

"तर काय?"

"तर हितं आणून पोरीला नुसत्या काळोखात हुबं करू नका, अण्णा."

महेश्वरने फोन ठेवला. ढगांचं विचारलं, चंद्राचं विचारलं, सूर्यावरच्या डागांचं विचारलं. पोटच्या पोरीला चांदण्या दिसतात का, हे मात्र या शहाण्याने दोन वर्षांत विचारलं नव्हतं. अंधारात चाचपडते म्हणजे जमिनीवरचं दिसत नाही, एवढंच त्याने धरलेलं. उजेड तर दिसणारच! आंधळं होत चाललेल्या पोरीला दाखवायला त्याने जगातली सगळ्यात काळोखी जागा शोधून काढली होती. त्याला स्वतःची अशी चीड आली की समोर आलेल्या गिऱ्हाइकावर तो उगीचच खेकसला.

संध्याकाळी तो घरी आला आणि चपला न काढताच म्हणाला, "काव्या, चल गं, होटगीकडं जाऊन येऊ जरा."

"आत्ता? कशाला?" शिवलीलाने विचारलं.

"काम हाय," एवढंच तो बोलला.

गावात रस्त्यावरच्या दिव्यांमुळे चांदण्या कुणालाच धड दिसत नाहीत, म्हणून बाहेर जायचं. गाडीत काव्या नेहमीसारखी बोलत होती, कॉलेजातल्या सरांच्या नकला करत होती. महेश्वर हूं हूं करत होता. दिसू देत, फक्त एवढं दिसू देत, असं तो गळ्यातल्या इष्टलिंगावर हात दाबून मनात घोकत होता. चार चांदण्या दिसल्या तरी तो उद्याच्या उद्या निघणार होता. अमावस्या नको, ढग असू देत, परीक्षा गेली खड्ड्यात.

होटगीच्या तळ्याकाठी त्याने गाडी बांधाला लावली, दिवे बंद केले. काव्या दाराला धरून उतरली. तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला, पण वर बघायचा त्याला धीर होईना. तो तिच्याकडेच बघत राहिला.

"मान वर कर, यव्वा. काय दिसतंय सांग."

तिने मान वर केली. जरा वेळ तशीच राहिली.

"चांदण्या की, अप्पा."

"किती?"

"लई हायत. मोजता येतात व्हय?" ती हसली आणि तिने हात उचलून बोट दाखवलं. "ती बघा, तिकडं. जरा मोठी हाय ती."

महेश्वरच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याला ओरडावंसं वाटलं, शिवलीलाला फोन करावासा वाटला. त्याने तिच्या बोटाच्या रोखाने वर बघितलं.

आभाळ भरून आलेलं होतं. दुपारपासूनच मळभ धरलेलं, घाईत त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ढग, शहराच्या बाजूला त्यांना थोडी तांबूस झाक. चांदणी एकही नव्हती. तिचं बोट अजून वरच होतं.

बोललं नाही तर पोरगी आणखी चांदण्या दाखवेल, या भीतीने तो शेवटी बोलला.

"काव्या, आज ढग हायत."

तिचा हात हळूहळू खाली आला.

"कधीपास्नं दिसत न्हायत?" महेश्वरने विचारलं.

"हैदराबादला गेलो त्याच्या आधीपास्नं."

"मग बोलली का न्हाईस?" तो केवढ्याने तरी ओरडला. तळ्यावरचे पक्षी फडफडले. "दोन वरसं मी येड्यावानी तारखा बघालोय! आमुशा बघालोय! एक शब्द बोलायचा न्हाय तुला?"

"तारखा बघताना तुमी जेवायचाव," काव्या म्हणाली. "न्हायतर ताटावर नुसते बसून ऱ्हायचाव. आई बी हसायची तुमाला, आमुशावाले म्हणून. मला वाटलं, जाऊ दे. तितं गेल्यावर दिसतंय म्हणून सांगीन. भारी हाय म्हणीन."

महेश्वरने गाडीवर डोकं टेकलं आणि तो रडला. आई गेली तेव्हाही असा रडला नव्हता. कुठलीही तारीख धरली असती तरी चुकलीच असती, हे एक. आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्या दोन वर्षांत पोरीला दिवसाउजेडी काय काय दाखवता आलं असतं, ती त्याने काळोख निवडण्यात घालवली. डॉक्टर थांबू नका म्हणाले होते. मराठीत म्हणाले होते, स्पष्ट म्हणाले होते. काव्या गाडीला धरून धरून त्याच्याजवळ आली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

बऱ्याच वेळाने त्याने नाक पुसलं.

"तू सांग. तुला कधी जायचंय?"

हा प्रश्न त्याने तिला आजवर विचारलाच नव्हता. काव्याला उत्तर शोधावं लागलं नाही.

"दिवसाचा उजेड असंल तवा. बर्फ बघू की. मान वर करायची काय गरज न्हाय."

"मग मार्चच्या शेवटाला," महेश्वर म्हणाला. आवाज अजून भरलेलाच, पण डोकं लागलं चालायला. "परीक्षा झालेली असंल. दिवस मोठा झालेला, बर्फ बी असतो तवर. बारा तास ऊन ऱ्हातंय तितं." तो थांबला. "पण निकालाची धाकधूक असंल तुला. त्यापेक्षा पुढल्या वरसी कॉलेजच्या सुट्टीत गेलो तर निवांत..."

"अप्पा." तिने त्याला तोडलं. "गाडीचे दिवे लावा."

"का?"

"लावा की. अन् पुढं येऊन हुबं ऱ्हावा. माझ्यासमोर."

त्याने दिवे लावले. ती बंपरला टेकून उभी राहिली आणि तो तिच्यासमोर हातभर अंतरावर, झगझगीत उजेडात, रडून सुजलेल्या तोंडाने. ती त्याच्याकडे बघत होती. तिची मान जराशी वर, मग जराशी खाली, मग डावीकडे, अशी हलत होती. जेवताना ती असंच करते, हे त्याला माहीत होतं.

"तुमचं तोंड मला आता एका वेळी सगळं दिसत न्हाय," काव्या म्हणाली. "डोळे बघितले की मिशी जाती. मिशी बघितली की डोळे जातात. दिवाळीच्या आधी एवडं नव्हतं."

महेश्वरने मिशीवरून हात फिरवला.

"मागं सरा जरा."

तो एक पाऊल मागे सरला.

"आणखी."

तो आणखी सरला. टाचेखाली तळ्याकाठची माती भुसभुशीत लागली.

"आणखी थोडं, अप्पा... हां. आता मावलाव. कपाळ, मिशी, सगळं आलं." तिने दोन्ही हातांनी बंपर घट्ट धरला. "तितंच थांबा. हलू नका."

महेश्वर हलला नाही. उजेड थेट डोळ्यांत येत होता, त्यामुळे त्याला मात्र ती दिसत नव्हती.