एकतीस वर्षांपूर्वीचा निकाल

काज अर्धवट सोडून शिंपीणबाईने मान वर केली, तेव्हा तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलाही होता. एकतीस वर्षांपूर्वीचा नवरा. आवाजावरून ओळख पटली. चेहरा पार उतरला होता.

त्याने वर्तमानपत्र कापडावर पसरलं. बातमीखाली लाल रेघ होती. जोडीदाराला कुष्ठरोग असेल तर काडीमोड मिळेल, हे सांगणारा कायदा रद्द झाला होता.

तिला ते सकाळीच कळलं होतं. लग्नाच्या चौथ्या वर्षी तिच्या हातावर चट्टा उठला. औषधाने वर्षभरात रोग गेला, फक्त डाव्या हाताची दोन बोटं बधिर राहिली. पण त्याआधीच, हिच्या हातचं पाणी प्यायचीही शिसारी येते, असं त्याने कोर्टात सांगितलं होतं. निकालपत्रात ते वाक्य तसंच्या तसं उतरलं होतं.

आता त्याने पाणी मागितलं. तिने दिलं. घटाघटा पिऊन त्याने मिशा पुसल्या आणि मेहेरबानी केल्यासारखं तिच्याकडे पाहिलं.

मग त्याने आपली रडकथा सांगितली. दुसरी बायको वारली. साखरेच्या आजाराने पायाला जखम झाली होती, ती वर्षभर चिघळत होती. रोज धुऊन पट्टी बांधावी लागे आणि सुना नाकाला पदर लावत.

"तुला या गोष्टींची सवय आहे," तो म्हणाला. "तुला कसली आलीय किळस."

तिने सुई कापडात टोचून ठेवली.

"कायदाच गेला, म्हणजे काडीमोडही गेला," तो म्हणाला. "तू अजून माझी बायकोच आहेस. मी मुलांना तसं सांगूनही ठेवलंय."

बोलता बोलता त्याने तिचा डावा हात धरला. बधिर बोटांना स्पर्श कळला नाही. आपल्या बोटांवरून त्याचा अंगठा फिरतोय, एवढं तिला फक्त दिसलं, आणि पोटातून आंबट उमासा घशापर्यंत आला. जखमा तिने आयुष्यात पुष्कळ पाहिल्या होत्या, धुतल्याही होत्या. तेव्हा असं कधी झालं नव्हतं.

तिने हात सोडवून घेतला. कुलूप लावायचं आहे, बाहेर बसा, असं त्याला सांगितलं. तो पायरीवर ऐसपैस बसला.

दोन गल्ल्या ओलांडून ती वकीलबाईंकडे पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. तिच्याकडून ब्लाउज शिवून घेणाऱ्या या बाई वयाने लहान होत्या. तिला पाहताच त्यांनी कायदा रद्द झाल्याबद्दल अभिनंदन केलं, आणि तिचा प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा पडला.

"मावशी, कसं सांगू," त्या म्हणाल्या. "रद्द झाला तो आजपासून. मागचे निकाल तसेच राहतात. तुमच्यावरचा अन्याय काही पुसला जात नाही. वाईट वाटतं मला."

"म्हणजे काडीमोड कायम?"

"कायम."

"पक्कं ना?"

"अगदी पक्कं. कुणालाही तो मोडता येणार नाही."

वकीलबाईंनी हळूच रुमाल पुढे केला. तिने रुमालाने फक्त कपाळावरचा घाम टिपला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"एका कागदावर लिहून द्या," ती म्हणाली. "अक्षर जरा मोठं काढा. ते दुकानाच्या पायरीवर बसलेत, त्यांना दुरूनच वाचायला द्यायचंय."