खिडकीजवळच्या संगणकावरचं वचन

प्रार्थनाघराच्या वाचनखोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीलगतच्या जुन्या संगणकांपैकी खिडकीजवळच्या एकासमोरच रांग होती. माणूस खुर्चीत बसे, डोळे मिटून मनातलं दुःख देवापुढे ठेवी, बटण दाबी, आणि पडद्यावर नेमकं त्याच दुःखावरचं शास्त्रवचन उमटे. विधवेला धीराचं, बेकाराला भाकरीचं, आजाऱ्याला बरं होण्याचं. बाहेरगावाहून आलेले उपदेशक बंधू आधी मधाळ आवाजात सांगत, की देव पूर्वी जळत्या झुडपातून बोलला, आता यंत्रातून बोलतो. आपण तर नुसते आत गुडघ्यांवर प्रार्थनेत असतो, असंही म्हणत. मग ते आतल्या खोलीचं दार लावून घेत.

मागच्या बाकावर संगणकवाली मान खाली घालून बसली होती. ती शाळेत संगणक शिकवायची आणि याच मंडळीत वाढली होती. मोडीत निघालेले हे संगणक तिनेच चालते केले होते. फुकट मिळणारी, हवी तशी बदलता येणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन तिने तीत पवित्र शास्त्र, गीतं, शब्दसूची असं सगळं बसवलं होतं. बटण दाबलं की एक वचन दिसे. कुठलं, ते चिठ्ठी उचलल्यासारखं. पुढे बंधूंनी एक सोय मागितली. अभ्यासवर्गासाठी आतल्या संगणकावर एखादा शब्द टाकला, की बाहेर त्याच विषयाचं वचन यावं. तिने हौसेने ते करून दिलं.

रांग लागली तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. बंधूंच्या पत्नी रांगेतल्या प्रत्येकाची आपुलकीने विचारपूस करत आणि मध्येच आत जाऊन येत. पण प्रार्थनाघर कधी नव्हे ते भरत होतं, मंडळीचे पाळकसाहेब सगळ्यांदेखत तिचं कौतुक करत होते. लोकांना धीर मिळतोय, कुणाचं काय बिघडतंय, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

बिघडलं ते तिच्याच घरात. तिला लहानाची मोठी करणाऱ्या मावशीला मधुमेह होता. पडद्यावर बरं होण्याचं वचन आलं आणि मावशीने कुणाला न सांगता इन्शुलिन बंद केलं. ती स्वयंपाकघरात बेशुद्ध सापडली. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती भाचीला म्हणाली, "तू बसवलेलं होतं ना गं ते. मला वाटलं, खोटं कसं असेल?"

संगणकवालीला तिच्याकडे बघवेना. तिने तिथेच सगळं सांगून टाकलं. मावशीने भिंतीकडे तोंड केलं आणि इंजेक्शन घेऊन आलेल्या नर्सपुढे हात केला.

त्या रविवारी रांग लागताच संगणकवाली पुढे झाली. तिने खिडकीजवळच्या संगणकाची आतल्या खोलीकडे जाणारी केबल उपटली आणि रांगेतल्या पहिल्या बाईंना बसवलं. त्यांचा नवरा नुकताच गेला होता. पडद्यावर कुठल्याशा राजघराण्याची लांबलचक वंशावळ आली. मग तिने केबल पुन्हा जोडली, आतल्या खोलीचं दार उघडलं आणि मनाला येईल तो शब्द टाकायची पाळकसाहेबांना विनंती केली. त्यांनी 'मासे' टाकलं. बाहेर बाईंनी बटण दाबलं, तर वचनात मासेच मासे. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

यंत्रात सैतान शिरलाय, असं बंधू म्हणू लागले.

"सैतान नाही, मी शिरलेय," ती म्हणाली. "आतला संगणक मी जोडून दिला. शब्द यांनी टाकले. तुमची दुःखं यांच्या बायकोने रांगेत विचारून घेतली."

"तुला माहीत होतं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"होतं. तुम्ही माझं कौतुक करत होतात, म्हणून बोलले नाही."

बंधूंच्या पत्नी हळूच दाराकडे सरकल्या.

"वचन पुस्तकातलंच आहे, ते खुशाल वाचा," ती म्हणाली. "पण समोर चमत्कार दिसला की तो कुणी घडवला, कसा घडवला, हे आधी विचारा. मी केलेलं असलं तरी विचारा. आणि औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका." "ज्यांनी सोडलंय, त्यांनी हात वर करा."

आधी एक हात वर झाला. मग शेजारचा. मग मागच्या बाकांवरून एकेक करून इतके, की तिने मोजणं सोडून दवाखान्याला फोन लावला.