एकशे एकला शेवटची हाक

वेंडेल ओस्टगार्ड गेल्याचं कळलं तेव्हा मी रडले नाही. मी नऊ वर्षं डूख धरून बसले होते आणि आता माझं तोंड मोकळं झालं होतं.

अमेरिकेत, मोंटानाच्या या सपाट टोकाला आमची काउंटी, म्हणजे जिल्हा. मी लोर्ना. शेरीफच्या कचेरीत तळघरात रेडिओवर बसते. कोणाची गाडी चरात गेली, कोणाचा बैल हायवेवर आला, की जवळच्या शिपायाला हाक मारायची, हे माझं काम. वेंडेल बावीस वर्षं शेरीफ, म्हणजे लोकांनी निवडून दिलेला काउंटीचा पोलीसप्रमुख, होता. गाडीच्या डिकीत बंदुकीशेजारी ओटचं पोतं आणि अडलेल्या गाईचं वासरू ओढायची साखळी ठेवायचा. एकदा डिक शोफर्डला पकडायला गेला, तर तिथे वासरांना डागण्या देणं चाललेलं. वेंडेलनं कोट काढला, दिवसभर वासरं धरली, जेवला आणि मग म्हणाला, "चल डिक, आता तुला आत टाकतो." डिक मुकाट गाडीत बसला. तुरुंगातल्या लोकांना थँक्सगिव्हिंगच्या सणाला वेंडेलच्याच घरी जेवण असे, आणि त्याची बायको मार्गिट त्यांच्याकडून भांडी घासून घ्यायची.

अशा माणसाला लोकांनी निवडणुकीत पाडून घरी बसवलं. त्याचं कारण टिल्डा ब्रेनन.

भर दुपारी हिमवादळात टिल्डाची गाडी चरात उलटली. तिचा फोन मीच घेतला. डॅरिल प्रुएट तेव्हा साधा शिपाई होता आणि तिच्यापासून सगळ्यात जवळ तोच होता. मी त्याला हाक मारली. पुन्हा मारली. मारतच राहिले. हे डॅरिलसाहेब चारा-दुकानाच्या मागच्या खोलीत शेकोटीशी बसून पत्ते कुटत होते. रेडिओचा आवाज त्यांनी बारीक केला होता. शेवटी वेंडेल काउंटीच्या पार दुसऱ्या टोकाहून निघाला आणि पोचला तेव्हा टिल्डा थंडीनं गेली होती.

पुढच्या निवडणुकीत डॅरिल स्वतःच उभा राहिला. म्हातारा शेरीफ वेळेवर पोचत नाही, असं घरोघर सांगत फिरला आणि निवडून आला. टिल्डाच्या नवऱ्यानं, अमोसनं, वेंडेलशी हात मिळवणं सोडलं. मी खरं सांगायला निघाले तर वेंडेलनं मला अडवलं.

"माझा शिपाई, म्हणजे माझी चूक. मी जिवंत आहे तोवर तू तोंड उघडायचं नाहीस."

"तो तुझ्या डोक्यावर खापर फोडतोय, वेंडेल."

"फोडू दे. डोकं माझंय."

मी शब्द दिला. तो गेला, तसा शब्दही सुटला.

आमच्याकडे पोलीस वारला की त्याला रेडिओवरून शेवटची हाक मारतात. दफनाच्या वेळी त्याचा नंबर पुकारायचा; शेरीफचा नंबर एकशे एक. ओ येत नाही. तिसऱ्यांदा पुकारलं की सांगायचं, याचं काम संपलं, याला घरी जाऊ द्या. तेवढा वेळ कुणी रेडिओला बोट लावत नाही. इथे घरोघरी ओट्यावर पोलिसांचं बोलणं ऐकायचा रेडिओ चालू असतो, त्यामुळे ही हाक अख्खी काउंटी ऐकते.

आदल्या दिवशी डॅरिल तळघरात उतरला.

"लोर्ना, उद्या एकशे एक म्हणायचं नाही. नुसतं नाव घे. एकशे एक आता मी आहे."

"बरं."

"आणि हाक माझं भाषण संपल्यावर. तुला गाडीतून खूण करतील."

"बरं, शेरीफ."

"रागावलीस?"

"तुझ्यावर रागावायला मला वेळ कुठे आहे?"

नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक होती आणि याला वेंडेलच्या शवपेटीवर उभं राहून मतं मागायची होती. मी मार्गिटकडे गेले आणि मला काय करायचंय ते सांगितलं.

ती म्हणाली, "वेंडेलला आवडलं नसतं." तव्यावरची लेफसेची, बटाट्याची, पोळी उलटून म्हणाली, "कर."

टिल्डा गेल्यापासून डॅरिलला एक खोड लागली होती. आपला नंबर, आता एकशे एक, पुकारला रे पुकारला की तो ओ द्यायचा. न्हाव्याच्या खुर्चीत, चर्चमध्ये गुडघे टेकलेले असताना, कुठेही. खांद्यावरच्या रेडिओचं बटण त्याचा हात आपोआप दाबायचा. मला तेवढंच पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीत, रेडिओ सगळ्यांना ऐकू यावा म्हणून, पोलिसांच्या गाडीचा कर्णा चालू ठेवला होता. डॅरिलचं भाषण मला एका शिपायाच्या फोनवरून ऐकू येत होतं. "वेंडेल मला वडिलांसारखा," इथवर तो आला आणि मी खुणेची वाट न बघता, बैल रस्त्यावर आल्यावर बोलते तशा रोजच्या आवाजात म्हटलं, "एकशे एक."

"एकशे एक. बोल, लोर्ना," तो म्हणाला.

"तुला नाही, डॅरिल. मी शेरीफला हाक मारतेय."

त्यानं उत्तर द्यायला पुन्हा बटण दाबलं आणि सोडलंच नाही. मला वारा ऐकू येत होता आणि कुणाचं तरी खोकणं. तो बटण दाबून होता तोवर माझा आवाज तिकडे पोचला नसता. म्हणून मी त्या फोनवर शिपायाला म्हटलं, "हा फोन अमोस ब्रेननला दे." आणि डॅरिलच्या पत्त्यांपासून त्या दिवशी मी मारलेल्या शेवटच्या हाकेपर्यंत सगळं अमोसला सांगितलं. अमोस डॅरिलसमोर जाऊन उभा राहिला. मग त्याचा आवाज डॅरिलच्या खांद्यावरच्या रेडिओतून आला, आणि घराघरातल्या ओट्यांवर पोचला.

"डॅरिल, माझ्या टिल्डासाठी ही तुला हाका मारत होती?"

"अमोस, ही वेळ नाही."

"तुला ऐकू आल्या होत्या?"

"एवढं गंभीर असेल असं वाटलं नव्हतं," डॅरिल म्हणाला. "डाव संपला की निघणारच होतो."

मग बटण सुटलं.

मार्गिट सांगते, अमोसनं त्याला हात लावला नाही. तो शवपेटीपाशी गेला, हातमोजा काढला आणि उघडा पंजा लाकडावर ठेवून उभा राहिला. हात पुढे करायला उशीर झाला, असं काहीतरी पुटपुटला. लोक डॅरिलपासून मागे सरकत गेले. त्याला जागा पुष्कळ मिळाली.

मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही. मी माईक जवळ ओढला आणि वेंडेलला त्याच्या नंबरानं पुकारलं. मग पुन्हा पुकारलं. तिसऱ्या वेळी माझा आवाज फुटला आणि तेव्हा मी रडले, सगळी काउंटी ऐकत असताना.