डार्लीनची भट्टी आणि आमचा होकार

एकोणीस वर्षं मी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये बसून नव्या ऊर्जेच्या कंपन्यांत दुसऱ्यांचा पैसा गुंतवतोय. एवढ्या वर्षांत एकालाही तोंडावर ‘नाही’ म्हटलेलं नाही. आमच्यात तशी रीतच नाही. ‘नाही’ म्हटलं आणि उद्या तीच कंपनी वर गेली, तर आपलं हसं होतं. म्हणून आम्ही ‘फार आवडलं’ म्हणतो आणि हळूच विचारतो, ‘पहिला पैसा कोण टाकतंय?’

डार्लीन कोवालिक ओहायोहून पैसे मागायला आली. साठीची, अख्खी हयात वीटभट्टीत गेलेली बाई. वारा जोरात असला की वीज स्वस्त होते. त्या विजेवर विटा तापवून ठेवायच्या आणि कारखान्यांना दिवसरात्र वाफ पुरवायची, असं तिचं यंत्र. ती त्याला भट्टीच म्हणायची. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मान मात्र अशी डोलावली, जणू मीच ते शोधून काढलंय!

दोन महिन्यांनी ती परत आली.

“अकरा जणांकडे जाऊन आले, व्हिट. अकराच्या अकरा जणांना फार आवडलंय. पहिला व्हायला एक तयार नाही. शुक्रवारी भट्टी बंद करावी लागेल, चार माणसं घरी बसतील. तुम्ही होता का पहिले?”

आमच्या तज्ज्ञांनी यंत्र तपासून चांगलं म्हटलं होतं, मलाही मनापासून पैसे द्यायचे होते, देवाशपथ! पण एकट्यानं उडी मारली आणि आपटलो, तर शेजारच्या ऑफिसातले वर्षभर चिडवणार. मी सुरू केलं, “डार्लीन, आम्हाला फार...”

“पुरे!” तिनं फोन लावून माझ्या हातात कोंबला. “रस्टी आहे, माझा भट्टीवाला. रोज विचारतो बिचारा. काय असेल ते त्यालाच सांगा. स्पष्ट.”

“साहेब, काय ठरलं हो?” रस्टी भट्टीच्या घरघरीवरून ओरडला.

एकच शब्द म्हणायचा होता, ‘हो’ किंवा ‘नाही’. माझ्या तोंडून निघालं, “रस्टी, तुमचं काम आम्हाला फार आवडलंय. आम्ही तुमच्यासोबतच आहोत.”

“ऐकलंत का रे? हो म्हणाले, हो!” पलीकडे शिट्ट्या, आरडाओरडा. कुणीतरी रडतही होतं. मी आपला मठ्ठासारखा हसत उभा.

डार्लीननं फोन काढून घेतला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“रस्टी, ऐक राजा. ते नाही म्हणालेत. भट्टी बंद कर.”