अंगठा उचला

मी बोलतोय. तसं आयुष्यभर बोलण्याचंच काम केलं, पण ते दुसऱ्यांचं. आज पहिल्यांदाच स्वतःचं बोलतोय, तेव्हा थोडा अडखळलो तर सांभाळून घ्या. मी पोलिसांच्या गस्तीच्या गाडीतला वायरलेसचा माईक. मुठीत मावेल एवढा काळा ठोकळा, मागे वेटोळ्यांची वायर आणि कुशीला एक बटण.

कारखान्यात एका बाईंनी माझ्याजवळ तोंड आणून "एक, दोन, तीन" म्हटलं आणि मला पास केलं. मग खोक्यातून थेट गाडीत. माझ्या बटणाचा स्वभाव आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळेच घडलं. बटण दाबलं की माझ्यातून बोलता येतं, पण तेवढा वेळ पलीकडचं काही ऐकू येत नाही. शेजारचा स्पीकर मुका होतो. बटण सोडलं की तो बोलू लागतो. दोन्ही एकदम होत नाही.

गाडी चालवायचे ते दादा. निवृत्तीला वर्ष उरलेलं, गाडी अशी चालवायचे की मी हुकावर हलायचोसुद्धा नाही. त्यांच्या शेजारी बसायचा तो तोंडपाटील. त्याचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. चहाची टपरी बंद आहे एवढं सांगायलाही त्याला पाच मिनिटं लागायची. माझा ताबा त्याच्याकडे, आणि बोलणं संपलं तरी अंगठा बटणावरच ठेवायची त्याला खोड होती.

"अरे, अंगठा उचलत जा," दादा म्हणायचे.

"राहतो हो दादा. सवय आहे."

पाठलागाचा नियम दादांना तोंडपाठ होता. वेग, रस्ता, गर्दी आणि पाठलागाचं कारण कंट्रोलला सांगत राहायचं. पण पुढे जायचं की नाही, ते गाडीतल्यांनी ठरवायचं नाही, कारण गाडीत बसलेल्यांची डोकी तापलेली असतात. ते ठरवणार कंट्रोलच्या ताई. त्या मुख्यालयातल्या वायरलेसच्या खोलीत बसून सगळ्या गाड्यांचं ऐकायच्या. त्यांनी 'सोडा' म्हटलं की सायरन बंद, दिवा बंद, गाडी बाजूला. हा शब्द कुणालाच गोड लागायचा नाही. म्हणून दादांनी एक रीत पाडली होती. ताईंनी 'सोडा' म्हटलं की पहिल्या दुकानाशी थांबून दोघांनी एकेक बाटली सोडा प्यायचा. "वरून हुकूम आलाय," दादा दुकानदाराला गंभीरपणे सांगायचे.

त्या दिवशी दुपारचे चार वाजले होते. दादांनी एका पांढऱ्या गाडीला हात केला. ती थांबल्यासारखी झाली आणि एकदम सुसाट सुटली. दादांनी सायरन लावला, तोंडपाटलानं मला हुकावरून ओढलं.

"कंट्रोल, पांढरी गाडी, थांबली नाही," म्हणत त्यानं नंबर सांगितला. अगदी बिनचूक. म्हणजे मालकाचं घर संध्याकाळपर्यंत आरामात सापडलं असतं. तिथेच थांबायला हवं होतं हो.

पण तो थांबला नाही. "वेग सत्तर. ऐंशी. बाजाराचा रस्ता. आता डावीकडे घेतली, दादा, डावीकडे..." अंगठा माझ्यावर तसाच. त्याच्या तळव्याला घाम सुटला होता आणि मी निसटेन म्हणून तो मला आणखी घट्ट धरत होता. शेजारचा स्पीकर मुका. मला बोलता येत होतं ते त्याचं, माझं नाही.

"ताई काही म्हणाल्या का?" दादांनी विचारलं.

"काहीच नाही. म्हणजे चालू ठेवा."

"तू त्यांना बोलू देतोयस का?"

तेवढ्यात वळण आलं. शिवणकाम करणाऱ्या एक बाई सायकलवरून, मागे गाठोडं बांधून, रस्ता ओलांडत होत्या. पांढऱ्या गाडीला त्या दिसल्या असतील, पण उशिरा. धडक बसली, गाठोडं सुटलं आणि शाळेचे छोटे छोटे नवे गणवेश रस्ताभर पसरले.

तोंडपाटलाच्या हातून मी खाली पडलो. अंगठा सुटला आणि त्याच क्षणी स्पीकर बोलला, "...सोडा. ऐकू येतंय का? सोडा म्हणतेय मी."

त्या गाडीवाल्यानं काय केलं होतं म्हणाल, तर त्याच्या परवान्याची मुदत आठ दिवसांपूर्वी संपली होती. एवढंच.

बाई शुद्धीवर नव्हत्या. पुढचे दिवस फार वाईट गेले. रोज सकाळी तोंडपाटील मला हातात घ्यायचा, "ताई, काही कळलं का?" एवढंच विचारायचा आणि चटका बसल्यासारखा अंगठा उचलायचा. मग आम्ही तिघं स्पीकरकडे कान लावून बसायचो. "अजून नाही," ताई म्हणायच्या. पाचवा दिवस, सहावा दिवस, "अजून नाही." दादांनी सोडा सोडला. नवव्या दिवशी ताई म्हणाल्या, "डोळे उघडले. गणवेश कुणी गोळा केले का, विचारतायत." बटण न दाबताच तोंडपाटील मला तोंडाशी धरून बसला.

बाई वाचल्या, पण उजवा पाय पहिल्यासारखा झाला नाही. मशीन आता त्या डाव्या पायानं चालवतात.

चौकशीत कंट्रोलच्या खोलीतलं रेकॉर्डिंग लावलं. ताईंनी चार वेळा 'सोडा' म्हटलं होतं. आणि मधेच, हुकूम नव्हे, घरात धाकट्या भावाला म्हणावं तसं एक वाक्य होतं, "अरे बाळा, अंगठा उचल रे."

दादा निवृत्त झाले. तोंडपाटलाला गाडीवरून काढून प्रशिक्षणाच्या वर्गात बसवलं आणि पुराव्याच्या पाकिटातून सुटका झाल्यावर मीही तिथेच आलो. माझी वायर विटली आहे, बटण जरा अडकतं. हल्ली त्याला कुणी तोंडपाटील म्हणत नाही, कारण तो फारसं बोलतच नाही. नव्या मुलामुलींच्या हातात तो मला देतो, खोटा पाठलाग लावतो. ती घाईघाईनं वेग सांगतात, रस्ता सांगतात. तो त्यांच्या अंगठ्याकडे बघत असतो. अंगठा उचलला गेला, स्पीकरमधून 'सोडा' आलं आणि कुणी निमूटपणे सायरन बंद केला, की तो टेबलाखालून एक बाटली काढून त्याच्यापुढे ठेवतो.

माझं वय झालं. एक दिवस बटण पुरतं अडकेल आणि मला भंगारात टाकतील, त्याचं काही नाही. पण ज्यांच्या हातात माझी भावंडं आहेत त्यांना हात जोडून सांगणं आहे, आणि हात मला नाहीत म्हणून असंच सांगतो. भरपूर बोला. पण बोलून झालं की अंगठा उचला. ताई केव्हाच्या बोलतायत.