बैलाची पारख

वामनरावांनी चहाची बशी ओठांना लावली, तेवढ्यात आतल्या खोलीतून ओरडणं ऐकू आलं.

"मांगून जा! सोडू नको त्याले, मार! डोक्यातच मार!"

बशी हिंदकळली. समोर बसलेल्या पुंडलिकरावांनी ओशाळून दाराकडे पाहिलं.

"गेम खेळून राह्यला पोट्टा. तुमी येवाची वेळ झाली म्हणून सांगतलं होतं, पण त्याच्या कानात ते बोंडं घातले की काईच आयकू येत नाई."

पोट्टा म्हणजे पुंडलिकरावांचा मुलगा संघर्ष, आणि त्यालाच पाहायला वामनराव वणीहून मारेगावजवळच्या या गावात आले होते. त्यांच्या मुलीचा, अर्पिताचा, होकार केव्हाच झाला होता. पत्रिकाही जुळली होती. अडलं होतं ते फक्त वामनरावांच्या शब्दावर, आणि त्यांचा शब्द सहजासहजी निघत नसे. पाटबंधारे खात्यात त्यांची नोकरी खालमानेनं झाली. घरात त्यांनी कधी आवाज चढवला नाही. बायको गेल्यावर पोरीला एकट्यानं वाढवलं, वळण लावलं, तेही शेजारी कुणाला ऐकू न जाता. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

संघर्ष बाहेर आला, पाया पडला. चांगला उंच, उन्हानं रापलेला होता.

"रोजच खेळता काय हे?" वामनरावांनी विचारलं.

"वावरातून आल्यावर खेळतो, काकाजी."

"त्यात काय आवडते?"

पुंडलिकराव घाईनं काहीतरी बोलायला गेले, पण पोरानं आधीच उत्तर दिलं.

"मारणंच आवडते. खोटं कायले सांगू? दबा धरून बसाचं, नेम धराचा. समोरचा पडला की बरं वाटते."

पुंडलिकरावांनी कपाळाला हात लावला. वामनराव मान हलवत राहिले. ज्याला मारामारी पाहून बरं वाटतं त्याच्या अंगात ती असतेच, असं त्यांचं मत होतं. पेपरातही त्यांनी तसं काहीसं वाचलं होतं. मनातल्या मनात त्यांनी नकार पक्का केला.

पोळा उद्यावर आला होता. संघर्षच्या आईनं, कौसल्याबाईंनी, हळद कालवलेलं कोमट तूप वाटीत आणून दिलं, तसा संघर्ष बैलांची खांदशेकणी करायला गोठ्यात गेला. वामनरावही मागोमाग गेले. जन्म ऑफिसात गेला असला तरी लहानपणी बापाचं बोट धरून त्यांनी बैलबाजार पाहिले होते. मालकाची पारख करायची तर बैल पाहावा, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पळसाच्या पानानं संघर्ष पवळ्या बैलाचा खांदा शेकत होता. जुवानं घट्टे पडलेली जागा तो अंगठ्यानं हळू चोळी.

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये," तो बैलाच्या कानाशी म्हणाला, दर वर्षीसारखंच.

वामनरावांनी एकदम हात उगारला, थेट पवळ्याच्या डोळ्यांसमोर. मार खाल्लेलं जनावर असा हात पाहून डोळे मिटतं, मान आखडून घेतं. त्यात कधी चूक होत नाही. पवळ्यानं रवंथ थांबवला, हात हुंगला आणि बाहीला चिकटलेलं चाऱ्याचं कुटार चाटून घेतलं. वामनरावांनी दुसऱ्या बैलासमोरही हात उगारून पाहिला. त्यानं तर पाहिलंसुद्धा नाही.

"काय झालं, काकाजी?"

"काई नाई. माशी होती."

निघताना पुंडलिकरावांना ते 'कळवतो' एवढंच म्हणाले. बसमध्ये बैल आणि गेम यांचा मेळ त्यांना काही घालता येईना.

घरी अर्पितानं दार उघडलं आणि पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी राहिली. विचारायची तिची पद्धत नव्हती.

"पोरगा म्हणते, मले मारणं आवडते," वामनराव म्हणाले. "तोंडावर म्हणते."

"मलेही सांगतलं त्यानं."

"अन् तुले चालते?"

अर्पिता जरा थांबली.

"फोन खाली ठेवला की संपते, बाबा, त्याचं," ती म्हणाली.

खांद्यावरची छत्री खुंटीला अडकवायला वामनरावांनी हात वर केला.

अर्पितानं डोळे मिटले. तिची मान खांद्यात गेली. तांब्यातलं पाणी फरशीवर सांडलं.

छत्री वरच राहिली. लगेच अर्पितानं डोळे उघडले, "पुसते मी," म्हणाली आणि फडकं आणायला वळली. असं काही पहिल्यांदा घडलंय असं तिच्या चेहऱ्यावर मुळीच नव्हतं. घर नेहमीसारखंच शांत होतं.

वामनरावांनी हात सावकाश खाली आणला. छत्री जमिनीवर ठेवली.

"अर्पिता, फोन दे," ते म्हणाले. "पुंडलिकरावांले होकार कळवतो."

तिनं फोन आणला. त्यांनी हात पुढे केला होता, पण तिनं फोन टेबलावर ठेवला आणि मागे सरून उभी राहिली.